बुधवारची सरदारीण

पंचवीस वर्षांपासून मी एका बाईवर जळते आहे आणि ती माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला भली बाई समजायची चूक करणार नाही.

आम्ही दोघी अमरावतीला कॉलेजच्या वसतिगृहात एकाच खोलीत होतो. ती मोर्शीची, मी दर्यापूरकडच्या खेड्यातली. पहिल्या वर्षी गॅदरिंगच्या नाटकासाठी निवड होती. मी आठवडाभर आरशापुढे उभी राहून उतारा पाठ केला होता. हात कुठे उचलायचा, मान कुठे वळवायची, सगळं बसवलं होतं. ती त्याच दिवशी गावाहून आली, संत्र्यांची थैली खांद्यावर, वेणी सुटलेली, आणि मला सोबत म्हणून हॉलमध्ये आली. सरांनी सहज तिच्याही हातात कागद दिला. तिनं थैली खाली ठेवली आणि वाचलं. झालं! मुख्य काम तिला, मला शेजारणीचं. तीन वाक्यं. खोलीवर आल्यावर तिनं मला संत्रं सोलून दिलं आणि म्हणाली, "तुले भेटाले पायजे होतं वं. तुनं किती मेहनत केली होती." खरंच वाईट वाटत होतं तिला. तिचा हाच तर त्रास आहे. ती जरा खोटी असती, जरा मिजासखोर असती, तर मी सुखानं तिचा द्वेष केला असता.

पुढे दोघींना नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, पोरं झाली. मी अमरावतीतल्या एका शाळेच्या ऑफिसात लिपिक आहे. ती सरकारी खात्यात, आधी अमरावतीलाच होती, मग तिची अकोल्याला बदली झाली. नाटक मात्र दोघींचंही सुटलं नाही, कारण चाचा. चाचा म्हणजे आमचे दिग्दर्शक. मूळ चांदूर बाजारचे, शिवणकाम करायचे, आता दुकान मुलांकडे. घरी उर्दू, तालमीत आमच्याहून चांगली मराठी, आणि रागावले की दोन्हींची खिचडी. सत्तरी ओलांडली तरी हौशी नाटकांच्या स्पर्धेत दरवर्षी आमचं नाटक असतंच. त्यांचा एक स्वभाव सगळ्यांना ठाऊक होता: नटाच्या मागे लागायचं नाही. कुणी येत नाही म्हणालं की "ठीक है" म्हणायचे, आणि ते दार बंद. फोन नाही, विनवणी नाही. व्हॉट्सअॅपचा ग्रुपही त्यांना चालत नसे. एकदा ग्रुपवर दोन नटांची जुंपली, तेव्हापासून तालमीची गोष्ट तालमीतच, असा नियम. निरोप द्यायचे ते मी, एकेकाला फोन करून.

कारण मी संस्थेची सचिव. स्पर्धेचा अर्ज, कलावंतांची यादी, फोटो, सह्या, सगळं माझ्याकडे. माझा एक कागद कधी परत आला नाही. चाचा चारचौघांत सांगायचे, "हिच्या हातचा कागद म्हणजे इस्त्रीचा कपडा." बाकीच्यांच्या अभिनयाचं कौतुक व्हायचं, माझ्या कागदांचं व्हायचं. हसू नका, बसून पाहा एकदा त्या खुर्चीत.

त्या वर्षी चाचांनी एक जुनी शोकांतिका काढली. मूळ कुठल्या देशातली, किती भाषांतून फिरत आली, देव जाणे. चाचांनी ती आपल्याकडच्या गढीवर आणून बसवली होती. एक सरदार. शूर, इमानी, राजाचा उजवा हात. राजा त्याच्या गढीवर पाहुणा म्हणून येतो, त्याच्या पंगतीला जेवतो, आणि सरदाराची बायको नवऱ्याच्या कानाशी लागते की ही गादी तुमची का नाही? जेवून झोपलेल्या पाहुण्याला सरदार मारतो. गादी मिळते. ती टिकवायला आणखी एक मारावा लागतो, मग आणखी एक. शेवटच्या अंकात सरदारीण भ्रमिष्ट होते. रोज पाट मांडते, ताट वाढते आणि मेलेल्या राजाला आग्रह करत बसते, "घ्या ना, एक घास." चाचा म्हणायचे, "देखो, हे खुनाचं नाटक नाही. पोट भरलेल्या माणसाच्या भुकेचं नाटक आहे."

सरदारीण अर्थातच तिला. मी दासी. दुसऱ्या अंकात समई घेऊन येते, ठेवते आणि परत जाते.

पण ती अकोल्याला. यायची शनिवारी दुपारी आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीनं परत. सोमवार ते शुक्रवार तिच्या जागी कुणीतरी उभं राहायला हवं, नाहीतर सरदारानं बोलायचं कुणाशी? "बेटा, तू जागा भर," चाचा मला म्हणाले. आमच्याकडे याला जागा भरणंच म्हणतात. अभिनय करायचा नसतो. समोरच्याला नजर द्यायची, वाक्याचा शेवट नीट द्यायचा, बस्स.

पहिले पंधरा दिवस मी जागाच भरली. हातात वही, पायात चपला, डोक्यात घरच्या भाजीचा विचार. मग वही सुटली. मग चपला मीच काढून ठेवायला लागले. सरदाराचं काम करणारा आमचा नट एसटीत नोकरीला होता, एकदम सरळ माणूस. तो एक दिवस म्हणाला, "ताई, तुमी बोलता तेवा मले खरंच राजाले मारावं वाटते." मी त्याला हसून टाळलं आणि घरी जाताना ते वाक्य शंभरदा घोळवलं. आमच्या ह्यांनी विचारलं, आज काय झालं, गाणं काय म्हणून राहिली? मी म्हणाले, काही नाही.

एका बुधवारी शेवटचा अंक चालू होता. मी पाट मांडला, ताट ठेवलं, आणि माझ्या हातानं ते ताट बोटभर फिरवलं. माझी आई पाहुण्याला वाढलं की असंच करायची, भाकरी त्याच्या हाताशी यावी म्हणून. ठरवून केलं नव्हतं, झालं. समोर कुणी नाही, आणि मी त्या नसलेल्या माणसाच्या उजव्या हाताशी भाकरी आणते आहे! चाचांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, आता म्हणतील. आता म्हणतील की ही सरदारीण तूच कर. ते म्हणाले, "अच्छा है. रविवारी तिले दाखवजो."

रविवारी मी तिला दाखवलं. तिनं एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, आणि केलं. अहो, काय केलं! ताट फिरवलं आणि फिरवलेल्या ताटाकडे अशी पाहत बसली की जणू आता कुणीतरी हात घालेल त्यात. एसटीवाल्याच्या डोळ्यात पाणी आलं. "चाचा, हे हिचं आहे बरं," ती ओरडून म्हणाली, "मी नुसतं उचललं." चाचा "वा, बेटा, वा" म्हणाले, पण पाहत होते तिच्याकडे. सगळेच तिच्याकडे पाहत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या आईचा हात होता तो, आणि टाळ्या मोर्शीला!

त्यानंतर मी रोज सरदारीण होत होते आणि दर शनिवारी दासी. सोमवारी पुन्हा सरदारीण. त्या नाटकातली बाई मला फार लवकर कळली, ती यामुळे. लोकांना वाटतं, असं काही करायला माणूस मुळातच दुष्ट लागतो. तसं काही नसतं हो. तिला फक्त रोज त्या गादीजवळून जावं लागत होतं. पुसायला, आवरायला, दुसऱ्यासाठी.

स्पर्धा अमरावतीलाच होती आणि आमचा प्रयोग शनिवारी, अगदी तिच्या सोयीचा. त्या आठवड्यात बुधवारी दुपारी मी शाळेत हजेरीपटावर वाकले होते, तेव्हा स्पर्धेच्या कार्यालयातून फोन आला. एका संघानं माघार घेतली, तुमचा प्रयोग उद्या गुरुवारी संध्याकाळी सातला घेतो, चालेल ना? सचिव म्हणून हो म्हणायचा अधिकार मला होता. "चालेल," मी म्हणाले. तो शब्द तोंडातून बाहेर पडला तेव्हा माझ्या मनात काही पाप नव्हतं. खरं सांगते, तेवढ्या एका शब्दापुरतं नव्हतं.

मी एकेकाला फोन लावले. सरदार, राजा, सेवक, दिवे, संगीत, सगळे हो म्हणाले. शेवटी तिचा नंबर लावला. एक रिंग गेली आणि मी फोन कापला.

का कापला? अंगठ्यानं कापला, मी नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. मग वाटलं, पाच मिनिटांनी करू. मग हेडसरांनी बोलावलं. मग चार वाजले, आणि मला कळलं की मी आता फोन करणार नाही. पोटात एकदम शांत वाटलं. भीतीही नाही, काही नाही. ज्याला इतके दिवस मी जळणं म्हणत होते, ते त्या दुपारी थांबलं होतं. माझी मलाच गंमत वाटली.

संध्याकाळी तालमीत चाचांनी विचारलं, "अकोलेवाली?"

"तिले रजा नाही भेटत म्हणे, चाचा. तपासणी आहे ऑफिसात. तूच उभी राह्य म्हणाली."

चाचांचा हात खिशाकडे गेला. मला वाटलं, आता खिशातून फोन काढतात. पण मी त्यांना पंधरा वर्षं ओळखत होते. त्यांनी खांद्यावरचा रुमाल झटकला, परत खांद्यावर टाकला. "ठीक है," म्हणाले. "बेटा, तू जागा भर."

यादीत सरदारीण म्हणून तिचं नाव होतं. कलावंत बदलला तर प्रयोगाआधी अर्ज द्यावा लागतो, कारण लिहून, मूळ कलावंताच्या सहीनं. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण सही कुठून आणू? तिची सही मला डोळे मिटून करता येते, वसतिगृहात असताना तिच्या सुटीच्या अर्जावर मीच करायची. पेन उघडलं आणि बंद केलं. एवढं पाप करून झाल्यावर खोट्या सहीला मी घाबरले, काय म्हणावं याला! म्हटलं, राहू दे. परीक्षक नाटक पाहतात, यादी कोण पाहतं?

माझ्याऐवजी समई सेवकानं ठेवली आणि नाटक झालं. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण लिहायला बसले तर थांबणार नाही. एवढंच सांगते की पहिल्या अंकात मी सरदाराच्या कानाशी लागले तेव्हा माझा आवाज मला ओळखू आला नाही, इतका तो गोड होता. आणि शेवटच्या अंकात मी ताट फिरवलं तेव्हा त्या रिकाम्या पाटावर मला ती बसलेली दिसली. वेणी सुटलेली, थैली बाजूला ठेवलेली. मी म्हणाले, "घ्या ना, एक घास," आणि मला हुंदका आला. तो नाटकातला नव्हता. पडदा पडल्यावर मागे येऊन लोकांनी माझे हात हातात घेतले. अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला कागदांबद्दल काही बोललं नाही.

शुक्रवारी सकाळी तिचा फोन. मी पोळ्या लाटत होते. आता शिव्या ऐकायच्या, अशा तयारीनं उचलला.

"काहून वं, काल नाटक झालं म्हणे? आता एसटीवाल्या भाऊंचा फोन आलता."

मी हातातली पोळी तव्यावर टाकली.

"तुह्या फोन आलता बुधवारी, एक रिंग. मी पाह्यला, मंग साहेबानं बोलावलं अन् मी उलटून कराचं विसरलीच. माह्यंच चुकलं. चांगलं झालं म्हणे तुह्यं काम? सगळेच सांगून राहिले."

"झालं," मी म्हणाले. पोळी करपली.

आठ दिवसांनी निकाल पेपरात आला. आमच्या नाटकाला दुसरा नंबर. आणि स्त्रियांच्या अभिनयाचं पहिलं बक्षीस सरदारणीला. पुढे नाव तिचं.

मी ती ओळ उभ्यानं वाचली, मग बसून वाचली. यादीत जे होतं तेच छापलं होतं. मी भरलेली यादी, माझ्याच अक्षरात, एक खाडाखोड नाही. शाळेतल्या मॅडम म्हणाल्या, "तुमच्या मैत्रिणीनं बाजी मारली हो, अभिनंदन सांगा." भाजीवालीपासून हेडसरांपर्यंत सगळे तेच. मला ओरडावंसं वाटत होतं, अरे मी होते ती! तुमच्यापुढे मी होते! नाव मिळावं म्हणून एवढं केलं, आणि नाव तिलाच. जळणं परत आलं आणि असं आलं की जेवण जाईना.

संघातले म्हणाले, यादी तुमची, दुरुस्तही तुम्हीच करून आणा, म्हणून मी स्पर्धेच्या कार्यालयात गेले. तिथला लिपिक माझ्यासारखाच, कागदातला माणूस. त्यानं फाईल काढली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमचा बदलाचा अर्जच नाही. तुमच्याकडून असं?" मग आवाज खाली करून म्हणाला, "मूळ कलावंताचं संमतीपत्र आणा. आधीची तारीख, कारण, सही. नाव दुरुस्त करून देतो."

मी घरी पत्र टाइप केलं. कार्यालयीन रजा न मिळाल्यामुळे मी ही भूमिका करू शकत नाही, माझ्याऐवजी अमुक यांनी करावी, माझी संमती आहे. बुधवारची तारीख टाकली. ते पत्र पर्समध्ये घालून रविवारी अकोल्याच्या बसमध्ये बसले. मूर्तिजापूर येईस्तोवर काय बोलायचं ते जुळवलं, आणि अकोला आलं तेव्हा सगळं विसरले होते.

तिनं दार उघडलं आणि गळ्यातच पडली. "सांगून तरी याचं ना वं! बरं झालं, आज पातोड्यांची भाजी केली आहे." पातोड्या मला आवडतात हे तिला वसतिगृहापासून ठाऊक. घरचे सगळे बार्शीटाकळीला लग्नाला गेले होते, ती एकटीच होती. बैठकीत बुद्धाच्या फोटोपुढे ताजी फुलं, बाजूला तिच्या मुलीची शाळेतली पदकं. पेपरातलं कात्रण कुठे लावलेलं नव्हतं. मी ते आधी शोधलं.

तिनं जेवायला खालीच चटई टाकली. माझ्यापुढे ताट ठेवलं, भाकरी वाढली, आणि ताट बोटभर फिरवलं. भाकरी माझ्या उजव्या हाताशी आली. ती मुद्दाम करत होती की तिच्या हाताला सवय लागली होती, मला आजही सांगता येत नाही. मी भाकरी मोडली आणि तशीच हातात धरून बसले.

"घे ना वं," ती म्हणाली. "एक घास."

मग मला रडूच आलं. धड रडणं नाही, नाक गळायला लागलं फक्त. मी म्हणाले, "तुले माहीत आहे."

"हो."

"कधीपासून?"

"एसटीवाले भाऊ म्हणाले, ताई, तुमाले रजा नाही भेटली म्हणे. म्या कोणाले रजेचं बोललीच नोती. मंग समजलं." तिनं माझ्या ताटात भाजी वाढली. "म्या त्याहिले म्हटलं, हो, नाही भेटली."

"काहून?"

"मंग काय सांगू? चाचानं तुले काढलं असतं ना नाटकातून." तिनं पेल्यात पाणी ओतलं. "चाचाले फोन केला होता म्या, माफी मांगाले. ते मले 'तुम्ही' म्हणाले वं. 'तुम्ही मोठ्या झाल्या आता, तुमाले कुठी वेळ.' असं म्हणाले." एवढ्या वेळात पहिल्यांदा तिचा आवाज हलला.

तेव्हा मी बोलायला हवं होतं, पाया पडायला हवं होतं. माझं मन पर्समधल्या कागदात अडकलं होतं, हे लाज सोडून सांगते. तिलाही कळलं. "दे," ती म्हणाली, "आणलाच असशील कागद. तुह्ये कागद कधी अधुरे नसतात."

मी दिला. तिनं हात पुसून तो वाचला. पेन घेतलं आणि रजेची ओळ खोडली. माझ्या इस्त्रीच्या कागदावर सरळ रेघ मारली! वर तिच्या त्या मोठ्या मोठ्या अक्षरात कारण लिहिलं: माझ्यापेक्षा ही भूमिका माझ्या मैत्रिणीला चांगली येते म्हणून. सही केली आणि माझ्यापुढे सरकवला. "जेव आता. थंडं होऊन राह्यलं."

परतीच्या बसमध्ये मी ती ओळ किती वेळा वाचली, मोजलं नाही. पंचवीस वर्षं मला हेच ऐकायचं होतं, तिच्याच तोंडून. आणि ते आलं तेव्हा मला ते खरं आहे की नाही, तेवढंही कळेना. दयेनं लिहिलं असेल, तर दयेतही ती माझ्या वर. खरं म्हणून लिहिलं असेल, तर इतकं सरळ लिहून टाकायची छाती माझ्यात नाही, म्हणजे तिथेही तीच वर. बडनेरा आलं तरी मी त्यातच अडकलेली.

सोमवारी पत्र घेऊन गेले. लिपिकानं वाचलं आणि हसला. "असं कारण नसते हो मॅडम. आजार, रजा, घरचं कार्य, असं काही लिहून आणा. हे फायलीत कसं लावू?" मी दुसरं पत्र घेऊन गेले असते तर तिनं त्यावरही सही केली असती. मी नेलं नाही. बक्षिसाचा कागद तिच्या नावानंच निघाला, मीच तो टपालानं अकोल्याला पाठवला. तिचं पत्र माझ्या कपाटात राहिलं. त्यानंतर आमचा फोन सणासुदीला व्हायचा, तब्येतीपुरता.

यंदा चाचांनी नवं नाटक घेतलं. आईचं काम मला दिलं, मुख्य काम. पहिल्या दिवशी मी हॉलच्या मधोमध उभी राहिले तर ते सवयीनं म्हणाले, "बेटा, तू जागा भर." कुणाच्या लक्षात आलं नाही, त्यांच्याही नाही. तालीम संपल्यावर ते खुर्चीत बसून राहिले. म्हणाले, "अकोलेवाली कशी आहे? यंदा विचारलं नाही तिले." पंधरा वर्षांत त्यांनी बंद केलेल्या दारामागे कोण आहे, हे कधी विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

कपाटातलं ते पत्र त्या दिवसांत माझ्या पर्समध्येच असायचं. का, ते विचारू नका. मी ते काढून त्यांच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. एक रिंग, रजेची थाप, पातोड्यांची भाजी, सगळं. उभी राहूनच सांगितलं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, मला परत दिलं.

मी एवढं बोलून गप्प बसायचं होतं. पण माझा स्वभाव! मी विचारलंच, "चाचा, पण तिनं लिहिलं ते खरं आहे ना?"

त्यांनी माझ्या पर्सकडे बोट दाखवलं. "फोन लाव, बेटा," म्हणाले.

मी लावला. एक रिंग गेली. अंगठा लाल बटणाजवळच होता. दुसरी गेली. तिसरीला तिनं उचलला. "बोल वं," ती म्हणाली, जशी काही कालच भेटलो होतो.

मी फोन चाचांच्या हातात दिला. "क्यूं री बेटा," ते म्हणाले, आणि ती तिकडून काहीतरी बोलली, आणि चाचा हसले. बाप्पा, काय हसले! म्हाताऱ्याचे खांदे हलत होते, डोळे भरून आले होते, आणि हसू थांबत नव्हतं. माझ्याशी बोलताना ते असे कधीच हसले नाहीत.